काटा खरे सांगतो, पण काय सांगतो?

इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवच्या माणसाला उणे आकड्याचे नवल वाटत नाही. उजनी धरणाच्या फुगवट्याखाली जुने गाव गेले, तेव्हापासून गावाची नजर पाण्याच्या पातळीवर असते. पाणी फार खाली गेले की जुन्या पळसनाथ मंदिराचे शिखर वर येते, मग हळूहळू सारे मंदिर उघडे पडते आणि बघ्यांची रीघ लागते. त्याच सुमारास वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘उजनी उणे पन्नास टक्के’. बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, धरणात शून्यापेक्षा कमी पाणी कसे काय असेल?

याचे उत्तर गावातले शाळकरी पोरही देते. उजनीत ६३.६६ टीएमसी पाणी मृतसाठा म्हणून धरलेले आहे. त्यावरचे ५३.५७ टीएमसी म्हणजे उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त या वरच्या साठ्याची. मृतसाठ्याला हात लागला की आकडा उणे होतो. ‘उणे पन्नास’ म्हणतात तेव्हाही हिशेबाने सुमारे ३७ टीएमसी साठा शिल्लक असतो. त्यातला काही भाग गाळाने व्यापलेला असतो, एवढेच. म्हणजे इथले शून्य हा धरणाचा तळ नाही, ती माणसांनी ठरवलेली रेघ आहे. आणि टीएमसी म्हणजे तरी काय? ‘थाउजंड मिलियन क्युबिक फीट’, अर्थात शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३० कोटी. ही इंग्रजी तीन अक्षरे शेतकऱ्याने आपलीशी केली आहेत, कारण त्यावर त्याचे पाण्याचे आवर्तन अवलंबून असते.

पाण्याच्या आकड्याची एवढी उलटतपासणी करणारा हाच माणूस दवाखान्यातल्या वजनकाट्यावर उभा राहतो, ‘पासष्ट’ ऐकतो आणि खाली उतरतो. त्या आकड्याला तो एकही प्रश्न विचारत नाही. खरे तर शरीराबद्दलच्या प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारायला हवेत. कशात मोजले? कोणत्या रेघेपासून मोजले? आणि नेमके काय मोजले? हे न विचारल्याने कधी नुसता घोटाळा होतो, कधी आजार नजरेतून निसटतो, तर कधी थेट जिवावर बेतते.

कशात मोजले?

आपल्याकडे किलो-ग्रॅम तसे फार जुने नाहीत. वजने-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाजारात किलोची वजने आली. त्याआधी तोळा, शेर आणि मण चालत. तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे किलोला थोडा कमी, ९३३ ग्रॅम. ४० शेरांचा मण, म्हणजे ३७ किलोंच्या वर. मात्र गावोगावी शेर बदले, मण बदले. एकाच नावाची दोन वजने असली की फसवणूक सोपी होते. किलो आणण्यामागे हेही मोठे कारण होते.

बाजार किलोवर आला, पण बोलणे पूर्णपणे आले नाही. घरातल्या आजी अजून विचारतात, ‘बाळ किती पौंडाचं झालं?’ नर्सबाई सांगतात, ‘दोन किलो सातशे.’ आजींचा चेहरा पडतो, कारण ‘दोन’ हा आकडा फार लहान वाटतो. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. दोन किलो सातशे म्हणजे जवळपास सहा पौंड. हे कळले की आजी खूश. बाळाच्या वजनाची महत्त्वाची रेघ अडीच किलोवर, म्हणजे साडेपाच पौंडांवर आहे. त्याखालच्या बाळाला कमी वजनाचे बाळ म्हणतात आणि त्याची ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्ग यांकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

इंग्रजीत पौंडाची खूण ‘एल-बी’ अशी दोन अक्षरांची आहे, आणि त्या दोन्ही अक्षरांचा ‘पौंड’ या शब्दाशी काही संबंध दिसत नाही. ती आली लॅटिन ‘लिब्रा’ या शब्दावरून. लिब्रा म्हणजे तराजू. आपली तूळ रास. ब्रिटनमध्ये तर माणसाचे वजन अजूनही ‘स्टोन’मध्ये सांगतात. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, साधारण ६.३५ किलो. लंडनला राहणाऱ्या भाच्याने फोनवर ‘मी आता अकरा स्टोनचा झालो’ म्हटले, तर इकडे मावशीच्या पोटात गोळा यायचा. आपल्याकडे स्टोन म्हणजे मुतखडा! भाच्याचे वजन फक्त ७० किलो झालेले असते.

उंचीचा घोटाळा याहून जास्त होतो, कारण तो लक्षात येत नाही. उंची आपण फूट-इंचांत सांगतो आणि कागदावर दशांश चिन्हाने लिहितो. पाच फूट दहा इंच उंचीच्या माणसाने ५.१० असे लिहिले आणि मोबाइलवरच्या अॅपने ते ५.१ फूट असे वाचले, तर १७८ सेंटिमीटरचा माणूस १५५ सेंटिमीटरचा होतो. त्याचे वजन ७० किलो असेल, तर उंचीच्या मानाने वजन सांगणारा त्याचा निर्देशांक खरा २२ आहे, पण अॅप २९ सांगते. धडधाकट माणूस कागदावर लठ्ठ ठरतो. फुटात १२ इंच असतात, दहा नव्हेत. म्हणून उंची सेंटिमीटरमध्येच लिहावी.

तापाचेही तेच. आपल्या घरांत ताप ‘शंभर’, ‘एकशे दोन’ असा फॅरनहाइटमध्ये सांगतात. नवे डिजिटल थर्मामीटर चुकून बटण दाबले गेले की सेल्सिअसमध्ये आकडा दाखवते. ३८ हा आकडा पाहून ‘यंत्र बिघडले’ म्हणून ते बाजूला ठेवले जाते. ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट, म्हणजे चक्क ताप. आणि परदेशातून आलेल्या सासऱ्यांनी उपाशीपोटी साखर ‘सात’ असल्याचे सांगितले, तर घाबरून तोंडात साखर कोंबू नये. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात साखर मिलीमोलमध्ये मोजतात. त्या आकड्याला १८ ने गुणले की आपला मिलिग्रॅमचा आकडा मिळतो. सात म्हणजे १२६, जिथे उपाशीपोटीच्या तपासणीत मधुमेहाची हद्द सुरू होते.

कोणत्या रेघेपासून?

उजनीचे शून्य जसे ठरवलेले आहे, तशीच लठ्ठपणाची रेघही ठरवलेली आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय मिळतो. हे गणित १८३० च्या दशकात बेल्जियमच्या अॅडॉल्फ केटले यांनी मांडले. ते डॉक्टर नव्हते, खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांना एका रुग्णाचे वजन तपासायचे नव्हते, तर समाजातला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचे होते. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव त्याला १९७२ मध्ये अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांनी दिले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण मोजपट्टीत २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा. पण भारतीयांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार यापेक्षा कमी बीएमआयला गाठतात, असे दिसत गेले. म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने आपल्यासाठी रेघ खाली आणली. २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. पाच फूट पाच इंच उंचीच्या आणि ६५ किलोच्या माणसाचा बीएमआय जवळपास २४ येतो. परदेशी पट्टीवर तो ‘नॉर्मल’, आपल्या पट्टीवर जादा वजनाचा. माणूस तोच, काटाही तोच. फक्त रेघ हलली. ही रेघ कुणाच्या मनात आले म्हणून हललेली नाही. कोणत्या आकड्यापासून कोणाला धोका सुरू होतो, हे पाहून ती हलवली गेली.

अंगणवाडीतही उणे आकडे आहेत. ताईंच्या मोबाइलवर किंवा वृद्धी तक्त्यावर एखाद्या बाळापुढे ‘उणे एक’ दिसते आणि आईच्या डोळ्यांत पाणी येते. इथले शून्य म्हणजे त्या वयाच्या निरोगी मुलांच्या रांगेतले बरोबर मधले मूल. निम्मी निरोगी मुले शून्याच्या खालीच असणार. उणे दोनच्या खाली गेले की कमी वजन आणि उणे तीनच्या खाली गेले की तीव्र कमी वजन. उणे एकवर स्थिर वाढणारे बाळ चांगले आहे. उलट अधिक एकवरून चार महिन्यांत उणे एकवर घसरलेल्या बाळाची चौकशी व्हायला हवी, जरी तक्त्यात ते अजून हिरव्या पट्ट्यात असले तरी. एका आकड्यापेक्षा रेषेचा कल महत्त्वाचा.

इथेही इंग्रजी शब्दांची गर्दी आहे. ‘अंडरवेट’ म्हणजे वयाच्या मानाने वजन कमी. ‘स्टंटिंग’ म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी, म्हणजे खुजेपणा. ‘वेस्टिंग’ म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी, म्हणजे कृशता. मराठीत तिन्हींना सरसकट ‘कुपोषण’ म्हणून मोकळे होतात. पण खुजेपणा हा बहुधा दीर्घकाळच्या अपुऱ्या पोषणाचा आणि वारंवारच्या आजारांचा परिणाम असतो, आणि त्याची सुरुवात आईच्या गरोदरपणातही असू शकते. कृशता मात्र बहुधा अलीकडची असते, आणि तीव्र कृशतेत जिवाला तातडीचा धोका असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ३६ टक्के कमी वजनाची, ३५ टक्के खुजी आणि २६ टक्के कृश आढळली. हे तीन आकडे एकमेकांत मिसळायचे नाहीत आणि त्यांची बेरीजही करायची नाही, कारण एकच मूल तिन्हींत असू शकते.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाची कृशता ओळखायला काटाही लागत नाही. दंडाचा घेर मोजणारी रंगीत पट्टी पुरते. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर पट्टी लाल दाखवते. ते मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायला हवे.

नेमके काय मोजले?

वजन आणि वस्तुमान हे शाळेत शिकलेले दोन शब्द आपण परीक्षेनंतर विसरतो. वस्तुमान म्हणजे अंगातला ऐवज. वजन म्हणजे त्या ऐवजाला पृथ्वी किती जोराने खाली ओढते ते. चंद्रावर ओढ एक षष्ठांश, म्हणून ६० किलोच्या माणसाखाली तिथे स्प्रिंगचा काटा ठेवला तर तो दहावर थांबेल. पण जुना दोन पारड्यांचा तराजू तिथेही ६० च दाखवेल, कारण दुसऱ्या पारड्यातल्या वजनांवरची ओढही तेवढीच कमी होते. डॉक्टरला ऐवज हवा असतो. म्हणूनच बीएमआयमध्ये शब्द ‘वेट’ नाही, ‘मास’ आहे. मराठी कानाला मात्र ‘बॉडी मास’ हे ‘बॉडी मांस’ असे ऐकू येते. गंमत अशी की बीएमआयला जे अजिबात सांगता येत नाही ते हेच, मांस किती आणि चरबी किती.

जुन्या पायलीची आठवण इथे उपयोगी पडते. पायली हे वजन नव्हे, आकारमानाचे माप. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे एका काट्यावर ठेवून पाहावेत. माप एक, वजन वेगळे. शरीरात याच्या उलट घडते, वजन एक आणि आत भरलेला माल वेगळा. चरबी स्नायूंपेक्षा हलकी असते, त्यामुळे तेवढ्याच वजनाला जास्त जागा व्यापते. दोन माणसे ६५ किलोची, पण एकाचा सदरा पोटावर ताणलेला आणि दुसऱ्याचा दंडावर. ऊस उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. दोघांच्या उसाचे टन सारखे भरले, तरी साखर उतारा वेगळा असू शकतो, आणि एफआरपीचा दर उताऱ्याशी बांधलेला असतो. बीएमआय म्हणजे टन. उतारा कुणी विचारायचा?

तो विचारला पुण्यातल्याच एका डॉक्टरांनी. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. दोन्ही सडपातळ, कोणत्याही पट्टीवर नॉर्मल. दोघांच्या अंगातली चरबी यंत्रावर मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘वाय-वाय विरोधाभास’ या नावाने हे निरीक्षण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या छायाचित्रासह प्रसिद्ध झाले.

याची पाळेमुळे जन्माआधीच असतात, हेही पुणे जिल्ह्यातूनच पुढे आले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर महिला आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. इथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इथली बाळे प्रत्येक मापात लहान होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्यामानाने टिकून होती. वजनाने हलकी, स्नायूंनी कमी, चरबीने नाही. संशोधकांनी या ठेवणीला ‘बारीक पण चरबीयुक्त’ अशा अर्थाचे नाव दिले. हीच ठेवण पुढे मोठेपणी मधुमेहाला लवकर वाट देते. म्हणून ‘मी तर बारीक आहे, मला कशी शुगर होईल?’ हा प्रश्न आपल्या भागात फसवा आहे.

यावर घरगुती उपाय शिंप्याच्या फितीचा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे वरचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून, कमरेचा घेर मोजावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची रेघ. फितीच्या दुसऱ्या बाजूला इंच असतात. तिथे हेच आकडे सुमारे साडेपस्तीस आणि साडेएकतीस. पँटचा नंबर पाहून समाधान मानू नये. पोट सुटल्यावर पँट पोटाखाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. बीएमआय २२ असूनही कमर ९४ असेल, तर रक्तातली साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घेणे शहाणपणाचे.

काट्यावरच्या आकड्यात पाणीही असते, हे दुसरे विसरायचे नाही. लिटरभर पाणी प्यायले की वजन किलोभर वाढते. दिवसभरात एक-दोन किलोंचा फरक सहज पडतो. ‘तीन दिवसांत तीन किलो कमी’ अशा जाहिरातींतला मोठा वाटा पाण्याचा असतो. पण हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले, तर तीही चरबी नव्हे, अंगात साचलेले पाणी असते. धाप लागायची वाट न पाहता डॉक्टर गाठायला हवा. आणि काही न करता वजन उतरत असेल, समजा ६० किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत तीन किलो गेले, तर ‘बरे झाले, हलके वाटते’ म्हणून सोडू नये. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड, कर्करोग यांपैकी काहीही तसे कळवत असते.

शब्दांनी केलेली गफलत

काही इंग्रजी शब्द मराठीत आले आणि त्यांचा अर्थच बदलला. ‘सूनबाई जरा हेल्दी आहे’ म्हणजे आपल्याकडे ती जाड आहे. इंग्रजीत ‘हेल्दी’ म्हणजे निरोगी. या सभ्य शब्दाच्या आड लठ्ठपणा लपतो आणि गुटगुटीत मुलाच्या जादा वजनाकडे घर कौतुकाने पाहते. ‘डाएट’ म्हणजे रोजचा आहार, पण ‘ती डाएटवर आहे’ म्हणजे ती उपाशी आहे. म्हणून डॉक्टरांनी ‘डाएट सांभाळा’ म्हटले की मधुमेही आजोबा रात्रीची भाकरीच सोडतात. साखरेची गोळी मात्र चालू असते आणि पहाटे साखर उतरून चक्कर येते.

‘कॅलरी’ची तऱ्हा आणखी वेगळी. शास्त्रात छोटी कॅलरी आणि मोठी कॅलरी अशा दोन आहेत. मोठी छोटीच्या हजारपट. इंग्रजीत मोठी दाखवायला पहिले अक्षर कॅपिटल लिहायची पद्धत होती. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, त्यामुळे मराठीत हा भेद सांगायची सोयच उरली नाही. पुड्यावर लिहिलेली असते ती किलोकॅलरी. बोलण्यात ‘किलो’ गळते. चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम साखरेत २० किलोकॅलरी असतात. दिवसात सहा चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, तर तेवढ्यानेच २४० किलोकॅलरी होतात.

‘निगेटिव्ह’ शब्दाने तर घरात रडारड होते. रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे जे शोधले ते सापडले नाही, बहुधा चांगली बातमी. पण रक्तगट ‘निगेटिव्ह’ असणे ना चांगले ना वाईट. ती एक नोंद आहे. गरोदर स्त्रीचा असेल तर डॉक्टरांना आधी सांगायची नोंद. एकच शब्द, तीन ठिकाणी तीन अर्थ. रिपोर्ट हाती आला की ‘म्हणजे काय?’ एवढे विचारायला लाजू नये.

जिथे चूक परवडत नाही

आतापर्यंतचे घोटाळे निस्तरता येण्यासारखे आहेत. औषधाच्या मापातला घोटाळा तसा नसतो. लहान मुलांना तापासाठी पॅरासिटामॉल देतात ते वजनावरून, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम. पण हेच औषध बाजारात तीन ताकदींत मिळते. एका सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असते, दुसऱ्याच्या तेवढ्यातच २५०, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये फक्त एका मिलिलिटरमध्ये १००. ‘एक चमचा द्या’ एवढेच लक्षात ठेवले आणि ड्रॉप्सची बाटली हाती आली, तर पाच मिलिलिटरमधून ५०० मिलिग्रॅम पोटात जाते. पुन्हा पुन्हा असे झाले तर यकृताला इजा होते. ड्रॉप्स बाळांसाठी म्हणून सौम्य असतील, हा समज नेमका उलटा आहे. शिवाय घरातला चमचा हे माप नाही. प्रत्येक घरात तो वेगळा. बाटलीबरोबर आलेले टोपण किंवा सिरिंज वापरावी आणि डॉक्टरांकडून डोस मिलिलिटरमध्ये, बाटलीवरची ताकद पाहून, लिहून घ्यावा.

मधुमेहींनी तर हा पुढचा मजकूर कापून ठेवावा. इन्सुलिन ‘युनिट’मध्ये मोजतात. आपल्याकडे बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर पेनमधल्या काडतुसात, आणि काही बाटल्यांतही, १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० ची बहुधा लाल टोपणाची आणि १०० ची केशरी टोपणाची. सिरिंजवरच्या रेघा तिच्या जोडीच्या इन्सुलिनसाठीच खऱ्या असतात. ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरले, तर २० ऐवजी फक्त ८ युनिट जातात आणि साखर चढत राहते. उलटे केले, १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये वीसपर्यंत भरले, तर ५० युनिट जातात. अडीचपट. साखर धडाधड उतरते, माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जाऊ शकतो. दुकानात सिरिंज मागताना ‘इन्सुलिनची सुई द्या’ एवढेच म्हणू नये. बाटली सोबत न्यावी आणि बाटलीवरचा आकडा व सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून जुळवावा. पेनच्या काडतुसातून सिरिंजने औषध ओढू नये.

थायरॉइडच्या गोळीचेही ध्यानात ठेवावे. ‘पन्नासची गोळी’ ही ५० मायक्रोग्रॅमची असते. मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा भाग. औषधाचे नाव न सांगता नुसते ‘पन्नासची द्या’ म्हटले, तर दुकानदाराला पन्नास मिलिग्रॅमच्या कितीतरी इतर गोळ्या आठवू शकतात. म्हणून आकडा एकटा कधी सांगू नये. औषधाचे नाव, आकडा आणि एकक असे तिन्ही सांगावे, नाहीतर जुने पाकीट दाखवावे.

घरात करण्यासारखे थोडकेच आहे. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर आणि फरशीवर ठेवूनच करावे. उंची सेंटिमीटरमध्ये एकदा नीट मोजून वहीत लिहावी. तीन महिन्यांतून एकदा कमरेचा घेर तिच्याच पुढे लिहावा. तारीख आणि एकक लिहायला विसरू नये. डॉक्टरकडे जाताना ही वही आणि चालू औषधांची पाकिटे एका पिशवीत न्यावीत. काट्यावरच्या एका आकड्यावरून डॉक्टरला जे कळत नाही, ते त्या वहीच्या एका पानावरून दोन मिनिटांत कळते.